दोन गाठींची वायर

पंधरा वर्षं मी ज्याच्या शेजारी बसलो, त्याला लाल आणि हिरवा रंग वेगळा दिसत नाही, हे मला एका शुक्रवारी दुपारी पावणेबारा वाजता कळलं. तोपर्यंत मी त्याचं नुकसान करून ठेवलं होतं.

त्याचं नाव नरेंद्र दत्तू जाधव. राहणार नारपोली, यंत्रमागांच्या वस्तीत. वय पंचवीस. मी त्याला नऱ्या म्हणतो, तो मला मन्या म्हणतो. मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि शिकवण्या घेतो. तो व्हिडिओ गेमची मशीनं दुरुस्त करतो.

हे मशीन म्हणजे प्लायवूडचं माणसाएवढं कपाट. वर टीव्हीची काच. खाली दांडी आणि बटणं. रुपया टाकायचा आणि उभ्यानं खेळायचं. दहावीनंतर नऱ्या नारपोलीतल्या अशा एका दुकानात लागला. मशीन बिघडलं की मुंबईहून मिस्त्री यायचा. नऱ्या त्याच्या मागे उभा राहायचा. दोन वर्षांनी मिस्त्री यायचा बंद झाला, कारण बोलवायची गरज उरली नाही.

मी रोज संध्याकाळी त्या दुकानात जायचो. तो मशीनच्या मागे. मी पुढे, स्टुलावर, पुस्तक घेऊन. मागे तो काय करतो हे मी कधी डोकावून पाहिलं नाही. मला यंत्रातलं कळत नाही, असं मी अभिमानानं सांगायचो.

त्याच्या मशीनवर खेळणारी पोरं एक गोष्ट नेहमी म्हणायची. ‘नऱ्याभाई के मशीन में सब हरे दिखते हैं.’ खरं होतं ते. त्याच्या पडद्यावर मारामारी करणारे पैलवान आजारी माणसासारखे हिरवट दिसायचे. मी समजायचो, जुनी ट्यूब आहे.

२००७ च्या उन्हाळ्यात ते दुकान बंद पडलं. पोरं सायबर कॅफेत जायला लागली होती. मालकानं मशीनं भंगारात दिली आणि गाळा महिनाअखेरीपर्यंत नऱ्याकडे राहू दिला. त्याची आई शेवंतामावशी ज्या कापडाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरते, तिथे एक तारखेपासून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जागा होती. बारा तासांची शिफ्ट. नऱ्याचे वडील दत्तूकाका त्याच कारखान्यात लूम चालवता चालवता बहिरे झाले. शेवटची सहा वर्षं त्यांच्याशी हातवाऱ्यांनी बोलावं लागायचं. ते गेले तेव्हा नऱ्या मला म्हणाला होता, “आपल्याला लूम नको, मन्या. काहीपण करीन. लूम नको.”

म्हणून मी केसरीनाथ नानांकडे गेलो.

नाना आमच्या लांबच्या नात्यातले. कशेळीचे. खाडीकाठच्या भातजमिनीवर आता त्यांची गोडाऊनं आहेत. एका गोडाऊनच्या पुढच्या भागात त्यांना गेमचा हॉल काढायचा होता. परदेशातून आलेल्या मालातून त्यांनी आठ जुनी मशीनं उचलली होती. एकही चालू नव्हतं.

“तुजा दोस्त करंल?” नाना म्हणाले.

“करेल.”

“एक मशीन टेम्पोन पाठवतंय. शुक्करवारी मना चालू दाखवाचा. चालला त हॉल त्याच्या हातात, बाकीची सात मशीना पन. न्हाय चालला त मंगलवारी ठान्याचा मेकॅनिक येतंय. मंग मना बोलाचा न्हाय, नातेवाईक हाव म्हनून.”

सोमवारी मशीन आलं. नऱ्यानं त्याच्याभोवती एक फेरी मारली. म्हशीच्या बाजारात मारतात तशी. मग चालू केलं. गुणगुण ऐकू आली, चित्र नाही. त्यानं बंद केलं, मागचं दार काढलं आणि मला लांब उभं केलं.

“बंद केलं तरी ट्यूबमध्ये करंट बसून राहतो,” तो म्हणाला. “तो आधी काढायचा. नाहीतर तो आपल्याला काढतो.”

स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधून तिचं दुसरं टोक त्यानं लोखंडी चौकटीला लावलं. स्क्रू ड्रायव्हर ट्यूबच्या रबरी टोपीखाली सरकवला. फट् असा आवाज झाला. मी दचकलो. तो हसला.

मग त्यानं आत हात घातला आणि डोळे मिटले. हे मला तेव्हा नाटकी वाटलं होतं. एकेक भाग चाचपत, वास घेत तो बोलत होता. ट्यूब चांगली आहे. तिला दाब देणारा ट्रान्सफॉर्मर तडकलाय, ह्या भेगेतून ठिणगी जाते, जळकट वास बघ. वीज पुरवणारा सप्लाय पाच व्होल्टच्या जागी चार देतोय, म्हणजे बोर्ड उपाशी आहे. दांडीखालचे छोटे स्विच त्यानं कानाजवळ नेऊन दाबले. “हा बोलतोय. हा बोलतोय. हा मुका. हापण मुका.”

“आणि बोर्ड?”

“बोर्ड जिवंत आहे. सगळा खेळ त्याच्यातच असतो. बाकी सगळं मिळतं, बोर्ड मिळत नाही.”

बुधवारपर्यंत त्यानं एका भंगार मशीनमधला ट्रान्सफॉर्मर काढून बसवला. गुरुवारी स्विच बदलले. गुरुवारी संध्याकाळी जुना सप्लाय काढून टाकला. नवा मुंबईहून आणायचा होता. वायरी तशाच लोंबत्या ठेवून त्यानं चावी माझ्याकडे दिली.

“मी सकाळी जाऊन येतो. नाना आधी आले तर बसव, चहा सांग.”

बाकी काही सांगितलं नाही. मी मागे कधी जातच नव्हतो. सांगायची गरज वाटली नसावी.

शुक्रवारी नारपोलीत लूम बंद असतात. इतर दिवशी इथे ओरडून बोलावं लागतं. शुक्रवारी आपलाच आवाज आपल्याला मोठा वाटतो. मी नऊ वाजता शटर उघडलं. नाना पांढऱ्याशुभ्र कपड्यांत येणार, मशीन नीट दिसावं, असं मनात आलं. पहिल्यांदाच मशीनच्या मागे गेलो.

आत कापसाचं भुसकट होतं. नारपोलीत ते सगळीकडे असतं. पंख्यावर, खिडकीच्या गजांवर, डोक्याच्या केसांत, वरणात. इथे दोरा दिसला की माणूस तो झटकतो. लग्नात नवरदेवाच्या खांद्यावरचाही झटकतो. आम्ही विचार करत नाही, हात आपोआप जातो.

मी ब्रशनं भुसकट काढलं. ओल्या फडक्यानं चौकट पुसली. वायरींना दोरे गुंडाळलेले होते. मळके, पांढरे, काही आखूड, काही लांब. झटकून निघेनात. गाठी पक्क्या होत्या. समोरच्या शिंप्याकडून कात्री आणली आणि एकेक दोरा कापला. प्रत्येक वायर पुसून लखलखीत केली. ओंजळभर दोरे निघाले. कचऱ्याच्या डब्यात टाकले. हे सगळं करताना मी खूश होतो. काहीतरी गुणगुणतही होतो.

साडेअकराला नऱ्या नवा सप्लाय घेऊन आला. त्याच्या मागोमाग नानांची गाडी थांबली. नाना आणि त्यांचा ड्रायव्हर राघो उतरले. नानांच्या अंगावर खरंच पांढरे कपडे होते.

“काय कारागीर? झाला?”

“दहा मिनिटं, शेठ. सप्लाय जोडला की झालं.”

“बिगी बिगी कर. मना हलदीला जावाचा हाय. बॅन्जो लागला का माजे पाय थांबाचे न्हाय.”

राघो म्हणाला, “नानांचा वजन बगून नवरीचा बापूस मांडव डबल बांधतंय.”

“तू गाडी पूस, राघ्या.”

सगळे हसले. नऱ्याही हसत मशीनच्या मागे गेला. सप्लाय खाली ठेवला. वायरींच्या जुडग्याकडे हात नेला.

हात तिथेच थांबला.

त्यानं एक वायर धरून बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं. मग दुसरी. मग तिसरी. त्याचं हसू चेहऱ्यावर राहिलं होतं, पण त्यात आता कोणी नव्हतं.

“मन्या.” अगदी हळू. “इथले दोरे कुठे गेले?”

“काढले. केवढी घाण साचली होती! बघ, कसं स्वच्छ केलंय.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मला जवळ बोलावलं. एक वायर माझ्यासमोर धरली.

“ही कुठल्या रंगाची आहे?”

“चेष्टा करतोस?”

“सांग.”

“हिरवी.”

“आणि ही?”

“लाल. नऱ्या, दिसत नाही का तुला?”

“नाही,” तो म्हणाला.

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. पावणेबारा. मी ते का पाहिलं, माहीत नाही.

नऱ्या कुजबुजत राहिला. लाल आणि हिरवा त्याला एकच दिसतो. लहानपणापासून. मीटर लावून तो प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते शोधतो आणि तिला दोरा बांधतो. पाच व्होल्टच्या वायरीला एक गाठ. बारा व्होल्टच्या वायरीला दोन गाठी. काळी वायर त्याला ओळखू येते, तिला काही नाही. बटणांना आखूड दोरे, दांडीला लांब. चार दिवस खपून त्यानं हे केलं होतं.

मला चौथीचा वर्ग आठवला. त्याच्या रंगीत खडूंवरचे नावांचे कागद फाटले की तो मला विचारायचा, ‘हा कुठला?’ मी खेळ समजून मुद्दाम चुकीचा रंग सांगायचो. त्यानं एकदा लाल झाड काढलं. बाईंनी हातावर पट्टी मारली. मी हसलो होतो.

दुकान सांभाळत त्यानं आय.टी.आय. केलं, तेव्हा त्याला एका मोठ्या कंपनीतून बोलावणं आलं होतं. मेडिकलच्या दिवशीच तो परत आला. ‘नको वाटलं,’ म्हणाला. मी त्याला आळशी म्हणालो होतो.

“काय चाललाय रं तिकडं?” नाना ओरडले. “शालेतल्या पोरींसारखी कुजबुज कसली?”

“शेठ, एक तास द्या,” नऱ्या म्हणाला.

“आता दहा मिन्टा म्हनत व्हतास! एक तासात हलद लागून उतरंल. तुना येतंय का न्हाय, त्ये सांग. ठान्याच्याला फोन करू?”

नऱ्या वायरी चाचपत राहिला. मी त्याच्या कानाजवळ गेलो. मशीनच्या दाराच्या आतल्या बाजूला एक छापील कागद चिकटवलेला होता. त्यावर कुठल्या रंगाची वायर कशाची ते इंग्रजीत लिहिलं होतं. लाल पाच, हिरवी बारा, काळी अर्थिंग. मी त्याला वाचून दाखवला.

“मी रंग सांगतो, तू जोड. कोणाला कळणार नाही.”

“मीटर लावल्याशिवाय मी जोडत नाही.”

“बटणांचं नंतर बघ. तीन वायरींचा प्रश्न आहे, नऱ्या. छापलेला कागद आहे. मी आहे ना.”

त्यानं नानांकडे बघितलं. नाना मोबाइल काढत होते. मग माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मला अजून दिसतो. जिना उतरताना आंधळा माणूस शेजारच्याचा खांदा धरतो, तसा.

“सांग,” तो म्हणाला.

मी सांगितलं. ही लाल. ही हिरवी. ही काळी. त्यानं स्क्रू आवळले. बटण दाबलं.

पडद्यावर क्षणभर आडवे पट्टे आले. नाना म्हणाले, “हां, आयला बग!” आणि त्याच वेळी खट् असा आवाज झाला. बोर्डावरून धुराची बारीक रेघ निघाली. नऱ्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत बटण बंद केलं. पण वास सुटला होता. जळलेल्या बोर्डाचा वास मी पहिल्यांदाच घेत होतो. तरी मला तो ओळखू आला.

 शुक्रवार होता. लूमही बोलत नव्हते.

“काय झाला?” नानांनी विचारलं.

“बोर्ड जळला,” नऱ्या म्हणाला. “चूक माझी, शेठ. वायर उलटी लागली.”

  मी खरं बोललो असतो, तर नऱ्याचं गुपित सांगावं लागलं असतं. म्हणून मी गप्प राहिलो, असं मी स्वतःला त्या दिवशी समजावलं. पण नुसतं ‘रंग मी सांगितला’ एवढं म्हणता आलं असतं. तेही मी म्हणालो नाही.

नाना नऱ्याच्या हातांकडे बराच वेळ बघत होते. मग माझ्याकडे. मग कचऱ्याच्या डब्याकडे. म्हणाले, “मंगलवारी ठान्याचा येल.” आणि गेले.

नऱ्यानं शटर अर्धं खाली ओढलं. मीटर काढला. गुडघ्यांवर बसून एकेक वायर तपासायला लागला. चाळीस मिनिटं लागली. मी उभाच होतो.

“ही कुठली?” त्यानं विचारलं.

“हिरवी.”

“ही पाच व्होल्टची. आणि ही?”

“लाल.”

“ही बारा. कागद खोटा आहे. आधीच्या कुणीतरी मधेच वायरी कापून हाताला येईल त्या रंगाच्या जोडल्यात.” तो मीटर पुसत म्हणाला, “जोड सोमवारीच बोटांना लागले होते. पण रंग बदललेत, हे नाही कळलं. मी कागद वाचतच नाही.”

“नऱ्या, मला शिव्या दे.”

“कशाला? मीटर लावायला पाहिजे होता. आयुष्यात पहिल्यांदा मीटर न लावता जोडलं. तू म्हणालास म्हणून.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी कचऱ्याचा डबा उपडा केला. दोरे वेचले. एकावर दोन गाठी होत्या. पण तो आता कुठल्याच वायरीचा नव्हता. नऱ्या म्हणाला, “राहू दे, मन्या.”

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. नऱ्या गाळ्यातच होता. शेवंतामावशी दारात बसून तांदूळ निवडत होती. डोळ्यांवर तिचा तो काळ्या काड्यांचा चष्मा. मावशीची नजर अधू आहे, हे नारपोलीत सगळ्यांना माहीत आहे. आठ वर्षांपूर्वी तिनं लाल कांड्यांच्या पेटीत हिरव्या मिसळल्या. लुंगीचा अख्खा ताका बिघडला. मालकानं तिला रंगीत सुतावरून काढलं. तेव्हापासून ती फक्त कोऱ्या सुताच्या कांड्या भरते.

“मावशी, मला माहीत नव्हतं,” मी म्हणालो. “त्याच्या डोळ्यांचं.”

तिनं सूप खाली ठेवलं. रस्त्यावर कोणी नाही ना, ते पाहिलं. मग चष्मा काढून माझ्या हातात दिला.

“घालून बघ.”

मी घातला. समोरची भिंत होती तशीच दिसली. कॅलेंडरवरची तारीख होती तशीच दिसली. मी काढला, परत घातला.

“ह्याला नंबर नाही,” मी म्हणालो.

“नाहीच. साधी काच हाय.”

मला कळेना. 

“त्या दिवशी मला ताप होता,” ती म्हणाली. “माझ्या जागी नरेंद्र बसला होता कांड्या भरायला. त्यानं मिसळल्या. मालक आला तेव्हा मी म्हणाले, मीच केलं, मला दिसत नाही आता. पोरगा सतरा वर्षांचा. नारपोलीत एकदा नाव पडलं की पुसत नाही रे. मग चष्मा घ्यावा लागला. न घेऊन कसं चालंल? लोकं इचारतील.”

“आठ वर्षं?”

“सवय झाली. धूळ जात नाही डोळ्यांत.” ती हसली. “गाठी मीच शिकवल्या त्याला. कांडीचा दोरा तुटला की आम्ही एका हातानं गाठ मारतो ना, तीच. म्हटलं, डोळ्याला नाही कळत तर बोटाला कळू दे.”

मी तिला दुपारचं सगळं सांगितलं. कात्रीचं. कागदाचं. नऱ्यानं ‘चूक माझी’ म्हटल्याचं. आणि मी गप्प राहिल्याचंही.

तिनं सूप परत मांडीवर घेतलं. तांदळातला एक खडा काढून लांब फेकला.

“आता एक तारखेला जाईल तो शिफ्टला,” ती म्हणाली. “मी मालकाला सांगून ठेवलंय. कोरं कापड हाय. तिथं रंगाचं काम नाही.”

तिनं चष्मा परत घातला. शेजारीण येत होती.

शनिवारी सकाळी मी कशेळीला गेलो. काय सांगायचं आणि काय लपवायचं हे रस्ताभर जुळवत होतो. रेतीबंदराजवळ गाड्या तुंबल्या होत्या, तेवढ्यात सगळं पाठ केलं. नाना ओट्यावर बसून बोंबील सोलत होते. त्यांना बघितलं आणि पाठ केलेलं विसरलो.

“नाना, बोर्ड मी जाळला. रंग मी सांगितला. दोरे मी कापले.”

“कालच कला मना,” नाना म्हणाले. मान वर केली नाही.

“काय कळलं?”

“त्याला लाल-हिरवा दिसत न्हाय त्ये. वायर कशी धरलीन त्यानं? डोल्यांनी न्हाय बगत व्हता. बोटांनी बगत व्हता. माजा बापूस असाच व्हता.”

मी पायरीवर बसलो. बसायला सांगितलं नव्हतं.

नाना सांगत गेले. त्यांचे वडील पंढरी खाडीत रेतीची होडी चालवायचे. समोरून येणाऱ्या बोटीवर एका बाजूला लाल बत्ती, एका बाजूला हिरवी. पंढरीबाबांना दोन्ही एकच. ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचे, बोट कुठून कुठे वळते ते. तीस वर्षं कधी घासलीही नाही.

“येक दिस शिकलेला पावना होरीवर बसला. तुज्यासारका. त्याला समाजला, म्हाताऱ्याला बत्ती दिसत न्हाय. झाला. ‘हिरवी हिरवी’ म्हनून बोंबलाया लागला. बापसानं त्याचा आयकला. होरी पुलाच्या खांबाव.” नानांनी बोंबील ताटलीत टाकला. “बापूस वाचला. होरी जेली. कोनी इचारला त म्हनायचा, चूक माजी. पावन्याचा नाव न्हाय घेतला मरंपरयंत.”

“मग काल तुम्ही काही बोलला का नाही?”

“मना बगायचा व्हता, पावना येतंय का.”

 मी खाली बघत होतो. ओट्याच्या फटीत मुंग्या बोंबलाचा तुकडा ओढत होत्या.

“आमच्या वेलंचा पावना कंदी आयला न्हाय,” नाना म्हणाले. मग आत बघून ओरडले, “राघ्या! ठान्याच्याला फोन लाव. म्हनावा येव नको.” आणि माझ्याकडे बोट केलं. “सोमवारी दोस्ताला गोडाऊनव पाठव. बोर्डाचा बगू. सात मशीना हात, सात बोर्ड हात. पन तू मशीनच्या मांगं जावाचा न्हाय. दिसलास त तंगडी तोरीन.”

मी थेट गाळ्यावर आलो. नऱ्या जळलेला बोर्ड मांडीवर घेऊन बसला होता. भिंगातून बघत होता. मी सगळं सांगितलं. पंढरीबाबांचंही. त्यानं भिंग खाली ठेवलं.

“म्हणजे नानांना माहीत आहे.”

“हो.”

“आणि तरी बोलावलं?”

“हो.”

त्याचा चेहरा कोरा झाला. मी काल दिसलो असेन तसा. मग तो उठून शटरबाहेर गेला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. लूम चालू होते. तो रडला की नाही, ते मला ऐकू आलं नाही.

सोमवारी तो कशेळीला गेला. तीन दिवसांनी मीही गेलो. गोडाऊनचं दार उघडं होतं. आत सात मशीनं उभी होती, एक सोडून सगळी पाठमोरी. दारं काढलेली. जिकडेतिकडे मळके पांढरे दोरे लोंबत होते. खाली बसून शेवंतामावशी नऱ्याला दोरे तोडून देत होती. चष्मा बाजूला, रिकाम्या खोक्यावर काढून ठेवलेला. इथे तिला ओळखणारं कोणी नव्हतं. दाराकडे तोंड केलेलं ते एक मशीन चालू होतं. त्याच्यावरचे पैलवान हिरवट होते.

मी उंबऱ्यापाशी थांबलो.

“आत येऊ?”

नऱ्यानं वळून बघितलं. “हात दाखव.”

मी दोन्ही हात वर केले.

“खिसे?”

मी खिसे उलटे करून दाखवले. मावशी हसायला लागली.

“बस तिथेच,” नऱ्या म्हणाला. “पुढे. स्टूल ठेवलंय तुझं.” मग त्यानं पडद्याकडे मान केली. “ए मन्या. ह्या माणसाचा चेहरा बरोबर आहे का रे? खरं सांग.”

मी बघितलं. चौथीतला खडू आठवला.

“हिरवा आहे,” मी म्हणालो. “थोडा कमी कर.”

त्यानं मागे हात घालून रंगाची कळ फिरवली. पैलवान हळूहळू माणसासारखा दिसायला लागला.

“आता?”

“आता बरोबर.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मावशीकडून एक दोरा घेतला आणि कळ जिथे थांबली होती तिथे खुणेची गाठ मारली.